फुटबॉलनंतर कोण? प्रश्नमंजूषेतील एका आक्षेपाचा अभ्यास

नागपुरातील एका महाविद्यालयाच्या आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत, अंतिम फेरीच्या अखेरच्या टप्प्यात, एक प्रश्न विचारला गेला: "फुटबॉलनंतर जगात सर्वाधिक लोकप्रिय असलेला व्यावसायिक खेळ कोणता?" पाळी कामठीच्या एका महाविद्यालयाच्या संघाची होती. त्यांनी "बास्केटबॉल" असे उत्तर दिले. प्रश्नसंचालकांनी ते चूक ठरवून प्रश्न पुढच्या संघाकडे सोपवला. त्या संघाने "क्रिकेट" म्हटले, सभागृहात टाळ्या पडल्या आणि त्यांना दहा गुण मिळाले. स्पर्धा संपली तेव्हा या दोन संघांत अंतर नेमके दहा गुणांचे होते. कामठीच्या संघाने नियमानुसार लेखी आक्षेप नोंदवला आणि करंडक देण्याचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला.

आक्षेपांचा निवाडा करणाऱ्या समितीत तिघे होते: महाविद्यालयाचे ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक असलेल्या मॅडम आणि संख्याशास्त्र शिकवणारा प्रस्तुत लेखक. पर्यायही तीनच होते. दिलेला निर्णय कायम ठेवला तर क्रिकेट म्हणणारा संघ जिंकणार होता, बास्केटबॉल बरोबर मानले तर कामठीचा, आणि प्रश्नच रद्द केला तर गुण समान होऊन निर्णायक प्रश्न घ्यावा लागणार होता. करंडक लहान असला तरी हाच प्रश्न प्रक्षेपण कंपन्या, जाहिरातदार आणि ऑलिंपिक समितीसुद्धा विचारतात. प्रत्येकाचे माप वेगळे असते आणि बहुतेकांना आपल्या मापातून ठरावीक उत्तर निघावे असे वाटत असते.

कामठीच्या संघाचा अर्ज अवघ्या दोन वाक्यांचा होता. लोकप्रियता कशावरून ठरवायची हे प्रश्नात सांगितलेले नाही, आणि बास्केटबॉल दोनशेहून अधिक देशांत खेळला जातो तर क्रिकेट मोजक्याच देशांत, एवढेच त्यात म्हटले होते. सुनावणीत संघनायक म्हणाला, "सर, इथं सगळ्यांले क्रिकेट आवडते, हे आम्हालेही मान्य आहे न. पण प्रश्नात 'जगात' म्हटलं आहे." दुसऱ्या संघाने आपली बाजू तितक्याच थोडक्यात मांडली: कोणत्याही यादीत पाहा, दुसऱ्या क्रमांकावर क्रिकेटच आहे.

यादीचा माग

ही "कोणतीही यादी" म्हणजे काय, याचा शोध ग्रंथपालांनी घेतला. प्रश्न तयार करणाऱ्या प्राध्यापकांनी आधार म्हणून जी यादी दाखवली ती इंटरनेटवर अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने आढळते. तिच्यात फुटबॉलचे चाहते ३५० ते ४०० कोटी, क्रिकेटचे २५० कोटी, हॉकीचे २०० कोटी, टेनिसचे १०० कोटी, व्हॉलीबॉलचे ९० कोटी आणि बास्केटबॉलचे ८० कोटींच्या किंचित वर असे आकडे दिलेले असतात. ग्रंथपालांनी एका पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पानावर जात मूळ गाठण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक पान दुसऱ्या पानाचा हवाला देत होते. कोणी, केव्हा, किती लोकांना, काय विचारले हे एकाही ठिकाणी सापडले नाही.

ज्या आकड्याचे मूळ सापडत नाही तो खोटाच असतो असे नाही, म्हणून आम्ही तो लोकसंख्येशी ताडून पाहिला. या यादीतील सगळ्या खेळांची बेरीज जगाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, हा काही तिचा दोष नव्हे, कारण एकच माणूस दोन-तीन खेळांचा चाहता असू शकतो. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे पूर्ण सदस्य १२ आहेत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, आयर्लंड आणि वेस्ट इंडीज यांची आजची लोकसंख्या, पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धापर्यंत सगळे धरून, २१० कोटींच्या आसपास जाते. म्हणजे २५० कोटींचा आकडा खरा ठरायचा तर या देशांतील प्रत्येक जीव क्रिकेटचा चाहता असायला हवा आणि वर आणखी ४० कोटी चाहते इतर देशांत सापडायला हवेत. हॉकीची गत याहून बिकट आहे. भारत, पाकिस्तान, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि अर्जेंटिना या हॉकीतील बलाढ्य देशांतील सगळी माणसे मोजली तरी २०० कोटी पुरे होत नाहीत. आणि भारतात टोकियो व पॅरिस येथील कांस्यपदकांचे दिवस सोडले तर हॉकीचा सामना पाहणारे घर शोधावे लागते, असे मॅडमनी, ज्या स्वतः हॉकी खेळलेल्या आहेत, काहीशा कडवटपणे नोंदवले. असे आकडे बहुधा एखाद्या देशात तो खेळ प्रिय आहे एवढ्यावरून त्या देशाची सगळी लोकसंख्या चाहत्यांत जमा करून तयार झालेले असावेत.

ज्याचे मूळ सापडते असा आकडा क्रिकेटसाठी उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१८ मध्ये आपल्या बाजार संशोधनाचे निष्कर्ष जाहीर केले. १६ ते ६९ वयोगटातील क्रिकेटचाहत्यांची संख्या त्यात १०० कोटींहून अधिक सांगितली होती. वयोगट सांगितलेला आहे, वर्ष सांगितलेले आहे, म्हणून हा आकडा वापरता येतो, जरी तो क्रिकेट चालवणाऱ्या संस्थेनेच काढलेला असला तरी. त्याच निष्कर्षांत आणखी एक वाक्य होते आणि या प्रकरणात ते निर्णायक ठरले: या चाहत्यांपैकी सुमारे ९० टक्के भारतीय उपखंडातील होते.

संख्याशास्त्रात विखुरलेपणा मोजण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक देशाचा एकूण चाहत्यांतील वाटा घ्यायचा, त्या वाट्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिने एकाला भागायचे; जे उत्तर येते ती "परिणामी देशसंख्या". चाहते दहा देशांत समान वाटलेले असतील तर उत्तर दहा येते. एखाद्या खेळाचे तीन चतुर्थांश चाहते एकाच देशात असतील तर उरलेला चतुर्थांश कितीही देशांत पसरलेला असला तरी उत्तर दोनच्या आत राहते. क्रिकेटसाठी देशवार वाटे आमच्या हाती नव्हते, म्हणून समितीने असा आकडा काढून निर्णयात लिहिला नाही. परंतु दहापैकी नऊ चाहते उपखंडात आणि उपखंडात भारताचा लोकसंख्येतील वाटा तीन चतुर्थांशांच्या जवळ, हे लक्षात घेतले की कामठीच्या संघनायकाने "जगात" या शब्दावर बोट का ठेवले ते कळते.

सदस्य देश आणि खेळाडू

तरीही त्या संघाने दिलेला आधार, म्हणजे देशांची संख्या, तपासल्यावर फारसा टिकला नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे सदस्य २११ आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपेक्षा जास्त, कारण इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड तिथे स्वतंत्र मोजले जातात आणि कित्येक बेटांनाही सदस्यत्व असते. बास्केटबॉलच्या संघटनेचे सदस्य साधारण तेवढेच आहेत. पण व्हॉलीबॉलचे आणि टेबल टेनिसचे सदस्य २२० च्या पुढे आहेत. हे माप प्रमाण मानले तर बास्केटबॉल दुसरा ठरत नाहीच, फुटबॉलही पहिला राहत नाही. सदस्यत्वासाठी एक मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटना लागते. तिच्यामागे लाखो खेळाडू आहेत की एक कार्यालय आणि शिक्का, हे त्या आकड्यातून दिसत नाही.

खेळाडूंची मोजणी हा त्यापुढचा टप्पा. फुटबॉल संघटनेने २००६ मध्ये केलेल्या मोठ्या गणनेत जगभरात २६.५ कोटी खेळाडू मोजले गेले, त्यांपैकी नोंदणीकृत केवळ ३.८ कोटींच्या आसपास होते. म्हणजे सातपैकी सहा खेळाडू कोणत्याही क्लबच्या वहीत नव्हते. त्यांचा आकडा अंदाजाने धरलेला होता. बास्केटबॉलची संघटना दीर्घकाळ ४५ कोटी खेळाडूंचा दावा करत आली आहे, आणि तो शब्दशः घेतला तर बास्केटबॉल फुटबॉलच्याही पुढे जातो. इथे मॅडमचा अनुभव उपयोगी पडला. त्यांनी विचारले की शाळेच्या मैदानात एक बास्केट लावलेली आहे आणि मधल्या सुट्टीत शंभर मुले त्यात चेंडू टाकतात, ती शंभरही मुले खेळाडू का? रविवारी सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळणारे हिशेबात धरायचे की नाही? दोन संघटनांनी या प्रश्नाची वेगळी उत्तरे दिली असतील तर त्यांचे आकडे शेजारी मांडणे निरर्थक आहे. शिवाय प्रश्नात "व्यावसायिक" असे विशेषण होते. नागपुरात पहाटे बॅडमिंटन खेळणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतले कितीजण परदेशातली व्यावसायिक स्पर्धा पैसे भरून पाहतात? खेळला जाणारा खेळ आणि पाहिला जाणारा खेळ यांत अंतर असते, आणि व्यावसायिक खेळ पाहणाऱ्यांवर जगतो.

ग्रंथपालांनी याच ओघात बुद्धिबळाचे उदाहरण दिले. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकल्यापासून शहरात या खेळाची चर्चा वाढली आहे. जगात ६० कोटींहून अधिक प्रौढ नियमित बुद्धिबळ खेळतात, हा सर्रास सांगितला जाणारा आकडा २०१२ मधील एका सर्वेक्षणातून आला. ते सर्वेक्षण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, रशिया आणि भारत या पाच देशांतील प्रौढांवर आधारलेले होते. पाच देशांवरून जगाबद्दल बोलणे धाडसाचे आहे, पण निदान काय केले ते कळते. क्रिकेट-हॉकीच्या यादीबद्दल तेवढेही म्हणता येत नव्हते.

पडद्यावरचे आकडे

व्यावसायिक खेळासाठी प्रेक्षकसंख्या हे माप सर्वांत जवळचे, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच मापात आहे. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया हा अंतिम सामना ११२ कोटी लोकांनी पाहिला, असे जाहीर झाले होते. त्याच सामन्याचा दुसरा आकडा ५१.७ कोटी आहे, आणि दोन्ही अधिकृत आहेत. पहिला आकडा सामन्याच्या दरम्यान कधी ना कधी ठरावीक किमान वेळ पडद्यासमोर असलेल्या सगळ्यांचा, म्हणजे पोहोच. दुसरा सामना चालू असताना कोणत्याही क्षणी सरासरी किती लोक पाहत होते त्याचा. दोहोंत दुपटीहून अधिक फरक पडतो. अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा २०२४ मधील आकडा १२.३ कोटींच्या पुढे सांगितला जातो, तो अमेरिकेतील सरासरीचा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा भारतातील दूरचित्रवाणीचा आकडा ३० कोटी सांगितला गेला, तो पोहोचीचा. त्याच सामन्यात एका क्षणी सर्वाधिक प्रेक्षक १३ कोटी होते. आणि मोबाइलवरील प्रक्षेपणात एकाच वेळी जोडलेल्या उपकरणांचा उच्चांक ५.९ कोटी होता. एका फोनभोवती चौघे बसलेले असू शकतात, आणि टीव्हीसमोरचा माणूस हातातल्या फोनवरही तोच सामना चालू ठेवू शकतो, म्हणून या दोन उच्चांकांची बेरीजही करता येत नाही.

आकडे ज्या साखळीने तयार होतात ती पाहिली तर सावधगिरी आणखी वाढते. भारतात दूरचित्रवाणीचे मोजमाप बार्क ही संस्था करते. तिची यंत्रे साधारण ५५ हजार घरांत आहेत आणि टीव्ही असलेली घरे २१ कोटींच्या घरात आहेत. म्हणजे एक यंत्र सरासरी ३,८०० घरांच्या वतीने बोलते. नमुना नीट निवडलेला असेल तर यात गैर काही नाही. एखादा सामना ३० टक्के घरांत लागला असेल तर या नमुन्यावरून काढलेल्या आकड्यात दीड टक्क्याच्या आतबाहेरची चूक संभवते, आणि ती कोणाच्या खिजगणतीत नसते. पण एखादा खेळ हजारात एका घरात लागत असेल, तर तो नमुन्यातील केवळ ५५ घरांत दिसेल, आणि मग चुकीची मर्यादा पंचवीस टक्क्यांच्या वर जाते. हा हिशेब साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे. प्रत्यक्षात रचना अधिक गुंतागुंतीची असते, परंतु दिशा तीच राहते: मोठ्या खेळाचा आकडा स्थिर, लहान खेळाचा डळमळीत. भारतात बास्केटबॉल किती पाहिला जातो हे क्रिकेटइतक्या खात्रीने सांगता येत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी उणीव नागपूरकराला समजावून सांगावी लागत नाही. भारताचा सामना असला की सीताबर्डीतील टीव्हीच्या दुकानांबाहेर आणि वस्त्यावस्त्यांतील पानठेल्यांवर जी गर्दी जमते ती घरात बसवलेल्या यंत्राला दिसत नाही. फुटबॉल संघटनेने २०१८ च्या स्पर्धेसाठी सांगितलेल्या ३५७ कोटी प्रेक्षकांत, घरी टीव्हीवर काहीच न पाहता बाहेर किंवा मोबाइल-संगणकावर पाहणारे सुमारे ३१ कोटी मिळवलेले होते. क्रिकेटच्या घरगुती आकड्याशी त्या बेरजेची तुलना केली तर क्रिकेटवर अन्याय होतो. २०२२ च्या विश्वचषकासाठी मग ५०० कोटी हा आकडा आला; पण तो प्रेक्षकांचा नसून कोणत्याही माध्यमातून स्पर्धेशी "संबंध आलेल्या" लोकांचा होता. ३५७ वरून ५०० कोटी अशी वाढ झाल्याचे अनेक ठिकाणी छापून आले. मोजपट्टीच बदलली होती.

आणि पाहण्याच्या वेळेचे काय? फुटबॉलचा सामना दोन तासांत आटोपतो, एकदिवसीय क्रिकेट सात-आठ तास चालते. पाहिलेल्या मिनिटांची बेरीज केली तर क्रिकेटला रचनेतूनच लाभ मिळतो. समितीने मिनिटांचे माप विचारात घेतले आणि बाजूला ठेवले.

एवढे करूनही एकेका मोठ्या सामन्याच्या प्रेक्षकसंख्येत क्रिकेट बास्केटबॉलच्या पुढे आहे, यावर आमच्यात दुमत झाले नाही. अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या २०२४ च्या अंतिम मालिकेची त्या देशातील सरासरी १.१ कोटींच्या आसपास होती. याओ मिंग २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संघात गेल्यानंतर चीनमध्ये या लीगला जे स्थान मिळाले ते लक्षात घेऊन मोठी भर घातली, तरी अहमदाबादच्या सामन्याच्या आसपास पोहोचणे अवघड आहे.

गर्दी आणि पैसा

मैदानावरची गर्दी या मापाने या प्रकरणात फारशी मदत केली नाही, पण ते किती फसवे असते हे कळले. अमेरिकी बेसबॉल लीगच्या सामन्यांना २०२३ मध्ये एकूण ७ कोटींहून अधिक प्रेक्षक आले. अमेरिकी फुटबॉलची एकूण संख्या त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे, मात्र प्रत्येक सामन्याची सरासरी ६९ हजारांच्या जवळ आणि बेसबॉलची २९ हजारांच्या. कारण उघड आहे: बेसबॉलचे साखळी सामने २,४३० आणि अमेरिकी फुटबॉलचे २७२. एकूण विचारा तर एक खेळ पहिला, सरासरी विचारा तर दुसरा. आपल्या जामठ्याच्या मैदानाची क्षमता ४५ हजार आहे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला आणि तिकीट मिळवताना लोकांची दमछाक झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच मैदानावर विदर्भाने केरळविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळला, करंडक तिसऱ्यांदा जिंकला, आणि एकदिवसीय सामन्याच्या मानाने ते प्रेक्षागार मोकळेच होते. शहर तेच, खेळ तोच, महिनाही तोच.

पैशाच्या मापाने मात्र प्रकरण उलटले. इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६२० कोटी डॉलर, वर्षाला साधारण १२५ कोटी डॉलर. अमेरिकी बास्केटबॉल लीगचा २०२५-२६ पासूनचा ११ वर्षांचा करार ७,६०० कोटी डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला ६९० कोटी. बास्केटबॉल पाचपटीने पुढे. कामठीच्या संघाला हे ठाऊक असते तर त्यांचा अर्ज दोन वाक्यांवर थांबला नसता. पण लगेच भाजक बदलून पाहा. आयपीएलच्या करारात ४१० सामने आहेत, प्रत्येकी सुमारे ११८ कोटी रुपये किंवा दीड कोटी डॉलर. बास्केटबॉल लीगमध्ये एका हंगामात साखळीचेच १,२३० सामने, प्रत्येकी सुमारे ५६ लाख डॉलर. प्रतिसामना क्रिकेट जवळजवळ तिपटीने पुढे. अमेरिकी फुटबॉलचा ११ वर्षांचा ११,००० कोटी डॉलरचा करार या दोन्हींना मागे टाकतो, आणि तो खेळ मुख्यत्वे एकाच देशात पाहिला जातो. प्रक्षेपण हक्कांच्या किमतीत प्रेक्षकांची संख्या असते त्याहून जास्त त्यांची क्रयशक्ती असते. पानठेल्यावरचा प्रेक्षक आणि शिकागोतील प्रेक्षक जाहिरातदाराला सारखे वाटत नाहीत.

समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या आम्ही जवळजवळ न पाहताच वगळली. इन्स्टाग्रामवर विराट कोहलीचे अनुयायी २५ कोटींच्या वर आणि क्रिस्तियानो रोनाल्डोचे ६० कोटींच्या वर असले तरी तो माणसाचा लौकिक आहे, खेळाचा नव्हे.

एक तयार सूत्र

वेगवेगळी मापे एकत्र करून क्रम लावण्याचा एक अधिकृत प्रयत्न अस्तित्वात आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आपल्या उत्पन्नातील वाटा देण्यासाठी खेळांचे गट पाडते. २०१३ मधील वर्गवारीसाठी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येला ४० टक्के, इंटरनेटवरील प्रतिसादाला २०, जनमत सर्वेक्षणाला १५, तिकिटांच्या मागणीला १० आणि वृत्तपत्रीय प्रसिद्धीला १० टक्के भार दिला होता. राष्ट्रीय संघटनांच्या संख्येच्या वाट्याला ५ टक्के आले. ग्रंथपालांना ही वर्गवारी समोर येताच प्रश्न सुटला असे वाटले. निकाल पाहिल्यावर त्यांचा उत्साह मावळला. पहिल्या गटात अॅथलेटिक्स, जलक्रीडा आणि जिम्नॅस्टिक्स होते. फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही दुसऱ्या गटात, टेनिस, व्हॉलीबॉल आणि सायकलिंगच्या बरोबरीने. कारण हे सूत्र ऑलिंपिकमधील लोकप्रियता मोजते, आणि ऑलिंपिकमधील पुरुषांचे फुटबॉल मुख्यतः २३ वर्षांखालील खेळाडूंचे असते. क्रिकेट तर त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. १९०० च्या पॅरिसनंतर ते ऑलिंपिकमध्ये परतणार आहे २०२८ मध्ये, लॉस एंजेलिसला.

भार कोणी ठरवायचा, हाही मुद्दा उरतोच. प्रेक्षकसंख्येला ४० ऐवजी २० आणि राष्ट्रीय संघटनांना ५ ऐवजी २५ टक्के दिले तर व्हॉलीबॉलचे नशीब फळफळेल.

निर्णय

चाहत्यांची संख्या आणि एका सामन्याची प्रेक्षकसंख्या या मापांनी क्रिकेट दुसरे; देशांमधील विस्तार, खेळाडूंचा दावा आणि हक्कांचे वार्षिक मूल्य या मापांनी बास्केटबॉल त्याच्या पुढे, तेही दर वेळी दुसऱ्याच क्रमांकावर असे नाही. क्रिकेटच्या बाजूचे पुरावे संख्येच्या दृष्टीने मजबूत होते. लेखकाचे स्वतःचे मत असे की एकच माणूस हे एकक धरले आणि तो कुठे राहतो याला महत्त्व दिले नाही, तर क्रिकेट हे उत्तर समर्थनीय आहे. उपखंडातील माणूस हा जगातलाच माणूस आहे. मात्र प्रश्नात हे एकक सांगितलेले नव्हते, आणि बास्केटबॉल हे उत्तर सरसकट चूक ठरवायला कोणताही आधार उरला नव्हता.

मॅडम सहमत नव्हत्या. प्रश्नमंजूषा म्हणजे संशोधन नव्हे, सर्वमान्य माहितीची परीक्षा असते, आणि क्रिकेट हे सर्वमान्य उत्तर आहे, असे त्यांचे म्हणणे. शंभरातले नव्वद स्पर्धक जे उत्तर देतील ते उत्तर प्रश्नकर्त्याला अपेक्षित आहे हे खेळणाऱ्याला कळायला हवे. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि कोणत्याही प्रश्नमंजूषेत नेमकेपणाचा आग्रह टोकाला नेला तर निम्मे प्रश्न गळतील. ग्रंथपालांनी मात्र विचारले की सर्वमान्यतेचा उगम मूळ नसलेल्या यादीत असेल तर महाविद्यालयाने तिच्यावर शिक्का का मारावा. प्रश्न दोन विरुद्ध एक मताने रद्द झाला. मॅडमनी आपली भिन्न मतपत्रिका जोडली आणि लेखकाच्या मते ती निर्णयापेक्षा चांगली लिहिलेली आहे.

दोन्ही संघांचे गुण समान झाले. निर्णायक प्रश्न विदर्भातील नद्यांवर निघाला आणि क्रिकेट म्हणणाऱ्या संघानेच तो जिंकला.

प्रश्नसंग्रहात आता मूळ प्रश्नाच्या जागी असा मजकूर आहे: "आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या संशोधनानुसार १६ ते ६९ वयोगटातील क्रिकेटचाहत्यांपैकी सुमारे किती टक्के भारतीय उपखंडात होते?" उत्तर एकच आहे आणि त्याचे मूळ दाखवता येते. ज्या प्रश्नांत क्रम विचारला आहे त्यांत माप, वर्ष आणि प्रदेश लिहिलाच पाहिजे, असा नियमही झाला. नव्या प्रश्नावर मॅडमचा आक्षेप कायम आहे: हे वाचून संपेपर्यंत घंटा वाजलेली असेल, आणि पाठ केल्याशिवाय याचे उत्तर कोणालाही येणार नाही.